तीन दगड, काळी बाजू खाली

माणूस गेला की घरात पहिली शोधाशोध सुरू होते ती फोटोची. पेपरातल्या जाहिरातीला फोटो लागतो, भिंतीला लागतो, हार घालायला तर लागतोच. साहेब गेले त्या दिवशी वहिनींनी कपाट, पेट्या, गादीखालचे लिफाफे सगळं उलथंपालथं केलं. हाती लागलं कारखान्याचं जुनं ओळखपत्र. त्यावर शिक्का मारणाऱ्याने नेम धरून नाकावरच मारलेला. दुसरा फोटो आधार कार्डावरचा. त्यात कोणीच स्वतःसारखं दिसत नाही, पण साहेब तर थेट फरारी वाटत होते. शेवटी जाहिरात नाकावरच्या शिक्क्यासकट छापून आली.

तेराव्याला तरी बरा फोटो हवा म्हणून वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मोबाईलमध्ये असेल एखादा. एवढे हिंडलात त्यांच्याबरोबर."

होता. एकच होता, पाठमोरा. कुठल्या फोल्डरात आहे ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बघतो."

साहेबांनी जन्मभर एक जागा जपली आणि ती त्या एका फोटोपायी गेली. ती घालवली कोणी, तर मी. साहेबांना ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणून ते "बघतो."

साहेब म्हणजे आमच्या सातपूरच्या कारखान्यातले फायनल इन्स्पेक्टर. मी स्टोअरमध्ये. माझं काम वस्तू न देण्याचं आणि त्यांचं वस्तू न घेण्याचं, त्यामुळे आमचं जमायचं. अख्ख्या कारखान्यात त्यांना मागे 'रिजेक्ट साहेब' म्हणत आणि पुढे नुसतं 'साहेब'. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. मी त्यांच्या लेखी 'स्टोअरवाले' होतो. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हाही पाळण्यात वाकून म्हणाले, "स्टोअरवाले, माल चांगला आहे." त्यांच्या तोंडून ही पावती मिळालेला आमच्या खानदानातला हा एकमेव नग.

ओरडणं त्यांना माहीत नव्हतं. पीस हातात घ्यायचा, पांढऱ्या फडक्याने पुसायचा, माप लावायचं आणि शेजारच्याची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणायचं, "रिजेक्ट." मग गेज पुसून पेटीत ठेवायचं. त्यांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कापलेला होता. पेटी मिटण्याआधी ते एकेका खळग्यावरून बोट फिरवत. "वस्तू उचलणं कोणालाही येतं, स्टोअरवाले. जिथून उचलली तिथे परत ठेवली, तरच ती उचलायचा आपला हक्क."

रिटायर होताना आम्ही त्यांना गणपतीची मूर्ती दिली. भाषणं चालू असताना हे मूर्ती उलटी करून बूड बघत होते. मॅनेजर 'संस्थेचे आधारस्तंभ' पर्यंत आले तेवढ्यात साहेब माझ्या कानाशी लागले, "बैठक समतल नाही." आणि माझ्याच भाषणाचा कागद माझ्या हातातून घेऊन, चार घड्या घालून गणपतीखाली सरकवला. त्यामुळे मला भाषण करता आलं नाही. लोकांनी त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच वाजवल्या असं मला अजून वाटतं.

असा हा माणूस महिन्यातून एक रात्र जंगलात तळ्याकाठी जाऊन राहायचा. तळं म्हणजे खरं तर एका लहानशा धरणाचं मागचं पाणी. पेठच्या रस्त्याने जायचं, मग एका फाट्याला वळायचं. फाटा कुठला ते मी सांगणार नाही. आता ते लपवण्यात काही अर्थ उरलेला नाही, पण काही शहाणपणं उशिराच सुचतात.

तिथे काहीही नव्हतं. नळ, दिवा, संडास, चहाची टपरी, काही नाही. सागाची झाडं, एक उताराचा काठ आणि पाणी. साहेब दर वेळी वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन रीतसर अर्ज द्यायचे. 'सदर इसम एक रात्र जलाशयाकाठी मुक्काम करू इच्छितो. वृक्षतोड करणार नाही. उभ्या झाडास खिळा मारणार नाही.' तिथल्या बाबूने कितीदा सांगितलं, "अहो साहेब, जावा ना तसंच, कोण विचारतंय!" हे शिक्का घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. मी बरोबर असलो की अर्जाच्या शेवटी ओळ वाढायची: 'सोबत एक इसम.' शासनदरबारी माझी एवढीच नोंद असावी.

सामान ठरलेलं. एक हिरवी ताडपत्री, दोर, पातेलं, खुरपं, रिकामं पोतं आणि झाकणाचा पत्र्याचा डबा. पोतं कचऱ्यासाठी. स्वतःच्या नव्हे, पाण्याने आणून टाकलेल्या. डबा राखेसाठी. चुलीतली राख निवली की ती डब्यात भरून नाशकात घरी आणायचे. वहिनी त्या राखेने भांडी घासत, उरलेली कुंड्यांत घालत. एकदा मी म्हणालो, "साहेब, चिमूटभर राख पाण्यात गेली तर काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडे हलका निघालेला पीस बघावा तसं पाहिलं. "आपण आलो होतो हे तळ्याला कळता कामा नये."

पहिल्या खेपेला मी हौसेने बायको-मुलीलाही नेलं होतं. बायकोने उतरल्या उतरल्या विचारलं, "भाऊजी, इथे बाथरूम कुठे?"

"डावीकडे जंगल आहे, वहिनी, उजवीकडेही जंगल आहे. दोन्ही रिकामी आहेत." आणि अतिशय अदबीने त्यांनी तिच्या हातात खुरपं दिलं.

बायको त्या खुरप्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती नजर मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिली नाही. पुढच्या खेपेपासून 'सोबत एक इसम' एवढाच मजकूर राहिला.

आता दगडांचं. काठावर त्यांचे तीन दगड ठरलेले होते, साधारण नारळाएवढे. आले की ते तिन्ही उचलायचे, चूल मांडायची, पडलेल्या काटक्यांवर भात-पिठलं करायचं. सकाळी निघताना दगड परत त्यांच्या त्यांच्या खळग्यात. काजळी धरलेली बाजू खाली, स्वच्छ बाजू वर. आधी डावा, मग उजवा, मग मागचा. वरून मूठभर पाचोळा. मग पाण्याकडे तोंड करून, हात मागे बांधून दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. याला ते 'फायनल' म्हणत. ते झालं की तिथे माणूस होता हे सांगायला कोणी ब्रह्मदेव आला असता तरी जमलं नसतं. मी हसायचो. पण खरं सांगतो, त्या दोन मिनिटांत माझंही बोलणं बंद पडायचं आणि ते फार थोड्या ठिकाणी पडतं.

पाड्यावरचा एक म्हातारा बाबा तिथे म्हशी घेऊन यायचा. तो एकदा मला म्हणाला होता, "या साहेबाचा पाय बी उठत नाय मातीत. भूत हाय का काय?" साहेबांना सांगितलं, तर दिवसभर खुशीत होते. कारखान्याने सोन्याचं पदक दिलं असतं तरी एवढे झाले नसते.

आता ती सकाळ. आदल्या रात्री मी तीन भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याचा ठेचा असा बेत हाणला की माझ्या वयाच्या माणसाने वकील बोलावून मगच जेवावं. पहाटे छातीत कळ आली. घाम फुटला. मी ताडपत्रीखालून "साहेब" एवढंच म्हणालो. ते एका उडीत उठले. मला सागाच्या बुंध्याला टेकवून बसवलं, नाडी बघितली आणि म्हणाले, "बोलू नका. पंधरा मिनिटांत निघतो."

आयुष्यात घाई न केलेला माणूस घाई करताना बघवत नाही. ताडपत्री त्यांनी घडी न घालता तशीच गुंडाळली. राख अर्धवट गरमच डब्यात भरली. दगड खळग्यात ठेवले. आणि अशा अवस्थेतही, सवयीने, पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. दोन मिनिटं नाही, अर्धं मिनिट.

नेमकं तेव्हाच मला एक मोठी ढेकर आली आणि कळ गेली.

म्हणजे पार गेली. छाती मोकळी, घाम बंद. तो हृदयविकार नव्हता, तो ठेचा होता. आता हे मी सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाने आपल्यासाठी धावपळ केली त्याला 'ढेकर आली' असं सांगायची माझी छाती झाली नाही. मी चेहरा तसाच दुखरा ठेवला. आणि समोर ते पाणी, धुकं, त्यात हात मागे बांधून उभे असलेले साहेब. मी खिशातून फोन काढला आणि एक फोटो घेतला.

साहेबांना फोटो आवडत नसत. "माणूस जिथे गेला तिथून काहीतरी उचलतोच," म्हणायचे. पण त्यांची पाठ होती, त्यांना कळलं नाही. घरी आल्यावर डॉक्टरने गोळी दिली, बायकोने शिव्या दिल्या आणि मी कोचावर पडल्या पडल्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मृत्यूच्या दारातून परत. निसर्गाच्या कुशीत.' अशी वाक्यं मला त्या काळी सुचत असत. पन्नास अंगठे आले. माझा एक भाचा आहे, तिशीतला. नोकरी सोडून सहलींचा धंदा करत होता. त्याने लिहिलं, 'मामा, कडक जागा! लोकेशन पाठव ना.'

पाठवलं. मामा म्हणून पाठवलं. मृत्यूच्या दारातून परत आलेला माणूस उदार झालेला असतो.

पुढे माझ्या तपासण्या आणि बायकोची मनाई यात दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात आम्ही फाट्याला वळलो आणि आधी ऐकू आलं. स्पीकर. साहेबांनी स्कूटर थांबवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "लग्न आहे का कुठे?"

काठावर वीस-पंचवीस रंगीत तंबू होते. झाडांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा. 'नो नेटवर्क, ओन्ली निसर्ग' अशी पाटी, आणि तिच्याखाली फोन वर धरून रेंज शोधणारी माणसं. पाण्याच्या कडेला कागदी प्लेटांची रांग लागलेली, त्यांवर बार्बेक्यूचा रस्सा. दगडांना चुना लावून पायवाट आखली होती. त्यातल्या एका दगडावर लाल रंगाने बाण काढला होता आणि लिहिलं होतं, 'वॉशरूम'. साहेब त्या दगडापाशी उकिडवे बसले. त्याला उलटा केला. खालून काळा होता.

म्हशीवाला बाबा लांबून बघत उभा होता. "लय गाड्या येत्यात, साहेब. शनवारी तर म्हशीला पाणी प्यायला जागा नाय."

भाचा तिथे नव्हता, त्याची माणसं होती. त्याच्या नावाचा फलक मात्र होता. साहेबांना भाच्याचं नाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या छातीत पुन्हा कळ आली आणि ही ढेकरेने जाणार नव्हती.

साहेबांनी काजळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्याकडूनच राहिला."

"काय?"

"त्या दिवशी. डावा ठेवल्याचं आठवतं. उजवा आठवतो. मागचा ठेवल्याचं आठवत नाही. काळी बाजू वर राहिली असणार. कोणीतरी पाहिली. काजळी दिसली की माणसाला कळतं, इथे राहता येतं." बोटावरची काजळी बघून म्हणाले, "तीस वर्षांत एकदा. पण एकदाच पुरतं."

बोलायची वेळ होती ती. 'साहेब, दगडाचा काही संबंध नाही, माझा भाचा आहे,' सात-आठ शब्दांचं काम. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ द्या हो, साहेब. घाईत होतं असं."

म्हणजे गुन्हा त्यांच्याच नावावर ठेवला आणि वर माफही केला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी फोटो उघडला. आधी कधी नीट पाहिलाच नव्हता. उजव्या कोपऱ्यात, माझ्या बुटाच्या टोकाजवळ, तिन्ही दगड होते. मोठं करून पाहिलं. डावा, उजवा, मागचा. तिन्ही आपापल्या खळग्यात, स्वच्छ बाजू वर, पाचोळ्यासकट. त्या घाईतही, सवयीने सगळं बरोबर झालं होतं. त्यांना फक्त आठवत नव्हतं.

म्हणजे ते निर्दोष असल्याचा पुरावा माझ्या खिशात होता. पण तो पुरावा दाखवायचा तर फोटो दाखवावा लागणार. फोटो कधी काढला, का काढला, कोणाला पाठवला? इन्स्पेक्टर माणूस, तीन प्रश्नांत माझ्यापर्यंत आला असता. मी फोन बंद केला. उद्या सांगू म्हटलं.

नंतर ते दर महिन्याला पोती घेऊन जाऊ लागले. पुण्य म्हणून नाही, दंड म्हणून. मीही जायचो. आम्ही दोघं पाण्यातून बाटल्या काढायचो, तंबूतली पोरं कौतुकाने म्हणायची, "अंकल, यू आर ग्रेट." भाच्याला मी फोन केला होता. अगदीच गप्प बसलो असं नाही. तो म्हणाला, "मामा, मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल." आणि तसंच झालं. शेजारी अजून दोघांनी तंबू टाकले. मग कोणीतरी शेकोटी न विझवता झोपलं आणि वर सागाच्या टेकाडावर वणवा गेला. वनखात्याने काठ बंद केला. चर खणला, तारा लावल्या. तंबूवाले पुढच्या धरणावर गेले. भाचा आता दुसऱ्याच कसल्या तरी धंद्यात आहे.

साहेबांनी अर्ज दिला. तोच मजकूर, तोच कागद, 'सदर इसम'. बाबू बदलला होता. आठ दिवसांनी अर्ज परत आला, तिरक्या अक्षरात शेरा: 'नामंजूर.' साहेबांनी तो मला दाखवला. "बरोबर आहे," म्हणाले. "मीही हेच केलं असतं."

स्वतःच्या हातांवरचा त्यांचा विश्वास गेला तो तिथून. वहिनी सांगायच्या. गॅसची कळ चार-चार वेळा बघतात. कुलूप लावून जिना उतरतात, पुन्हा वर येतात. रात्री उठून नळ. एकदा भाजी आणायला गेले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले, का तर घरातल्या चपला सरळ काढल्या होत्या की नाही. "त्यांना काय झालंय, भाऊजी? तुम्हाला काही बोलतात का?"

"वय," मी म्हणालो. "वयाने होतं असं."

मग एकदा वहिनींनी मला गच्चीवर पाठवलं. भर दुपार होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत साहेबांनी ती हिरवी ताडपत्री ताणली होती. पुढे तीन दगड. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून आणलेले. सोसायटीने जाळ करायला मनाई केली होती म्हणून चुलीत काही नव्हतं. साहेब दगड मांडायचे, उचलायचे, परत ठेवायचे. डावा, उजवा, मागचा. मग हात मागे बांधून टाकीकडे तोंड करून उभे राहायचे. मग वळून बघायचे.

"बघा, स्टोअरवाले," म्हणाले. "पन्नास वेळा केलं. एकदाही चुकलं नाही. मग त्या दिवशी कसं राहिलं?"

मी तिथेच कठड्याला टेकलो. म्हणालो, "साहेब, तुमचा दगड राहिलाच नव्हता."

ते गर्रकन वळले. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला अजून दिसतं. "तुम्ही पाहिला होता?"

"पाहिला असं नाही. मला वाटतं."

डोळ्यांतलं ते हळूहळू विझलं. "वाटणं मापात येत नाही, स्टोअरवाले," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बसून डावा दगड उचलला.

माझा हात खिशात होता. फोनवर होता. खिशातून बाहेर आला तो रुमाल घेऊन. मी घाम पुसला आणि चहा झाला असेल म्हणून खाली आलो.

त्यानंतर चार वर्षं होते ते. चार वर्षांत मी त्यांच्याकडे किती वेळा गेलो असेन आणि प्रत्येक वेळी जिना चढताना ठरवलं असेल. या थंडीत छातीत कफ झाला, आठ दिवस दवाखान्यात होते. शेवटच्या दिवशी मी गेलो तेव्हा शुद्धीत नव्हते, पण पांघरुणावर उजवा हात हलत होता. काहीतरी उचलायचा, उलटा करायचा, ठेवायचा. नर्स म्हणाली, "सारखं असंच करतात." ते काय करत होते हे तिथे फक्त मला कळत होतं.

राख पाण्यात टाकू नका, असं ते नेहमी स्वतःबद्दलही म्हणायचे. "जन्मभर चिमूटभर टाकली नाही आणि मेल्यावर माझीच टाकणार? वहिनींच्या कुंडीत घाला." स्वतःच्या बायकोलाही ते चारचौघांत वहिनीच म्हणत. पण चुलतभाऊ-पुतणे जमले, नाशकात राहून गंगेवर अस्थी नाहीत म्हणजे काय, झालं. रामकुंडावर विसर्जन झालं. मी काठावर उभा होतो. तिथेही काही बोललो नाही. माझी तर आता सवयच झाली होती.

तेराव्याच्या दोन दिवस आधी वहिनींनी पुन्हा विचारलं. मी फोन काढला आणि फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा चढवला. बराच वेळ नुसत्या पाठीकडे बघत होत्या. "हेच," म्हणाल्या. "असेच उभे राहायचे." त्यांची मुलगी परदेशात असल्यामुळे त्यांना दोन बोटांनी फोटो मोठा करता येतो. त्यांनी डोकं मोठं केलं, खांदे मोठे केले, मागे बांधलेले हात मोठे केले. मग बोटं सरकत सरकत खाली, उजव्या कोपऱ्यात गेली.

"हे ते दगड?" काळी बाजू वर राहिल्याचं साहेबांनी पुढे कधीतरी त्यांनाही सांगितलं होतं.

"हो."

त्यांनी मोजले. ओठ हलले, एक, दोन, तीन. "काळं कुठे आहे?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"भाऊजी, हा फोटो कधीचा?"

"त्याच सकाळचा."

मग मी सगळं सांगितलं. ढेकर, ग्रुप, भाचा, गच्ची. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट मीठमसाला न लावता सांगितली. त्या ऐकत होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातातला फोन आपोआप विझला, तो त्यांनी माझ्या हातात परत दिला.

"तुम्ही स्टोअरमधले ना," म्हणाल्या. "चिठ्ठी आणल्याशिवाय वस्तू देत नाही तुम्ही. त्यांनी बिचाऱ्यांनी चिठ्ठी आणली नाही."

तेराव्याला तोच फोटो होता. मोठा करून, चौकटीत, झेंडूचा हार घालून. पाठमोरा माणूस, धुकं, पाणी. चौकटवाल्याने कोपरा कापावा का म्हणून विचारलं होतं, वहिनींनी कापू दिला नाही. जेवणं झाल्यावर कारखान्यातले दोघं-तिघं फोटोपुढे उभे होते. एकजण म्हणाला, "काय जागा आहे हो! कुठली ही?"

वहिनी पानदान घेऊन चालल्या होत्या. थांबल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. हे सांगतात."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही आठवत."

वहिनी पुढे निघून गेल्या.

निघताना सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. गच्चीवरचे दगड तेवढे हलवता का, म्हणाले. मी वर गेलो. ज्या प्लॉटवरून ते आणले होते तिथे आता सहा मजले उभे आहेत, त्यामुळे परत ठेवायला जागा नव्हती. मी ते कठड्याच्या कोपऱ्यात ओळीने ठेवायचं ठरवलं. डावा, उजवा, मागचा. प्रत्येक उलटा करून पाहिला. जाळ कधी झालाच नव्हता, सगळीकडून कोरे होते.

ठेवले. जिन्याच्या दारापर्यंत आलो. कडी लावली, दोन पायऱ्या उतरलो.

मग परत वर गेलो, बघायला.